एकाच क्रमांकाच्या तीन नोटा

त्या फिर्यादीचे पहिले वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे. "खोट्या नोटा मी माझ्या हाताने वाटल्या, हे आधी लिहा. मला कुणी फसवलं ते नंतर लिहा." सगळ्या नोकरीत फिर्यादीने स्वतःकडे बोट दाखवून सुरुवात केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. संगणकावर टायपिंग करणाऱ्या शिपायाने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "बाई सांगतात तसंच लिही."

मी तेव्हा कर्जत भागात पोलीस निरीक्षक होतो. भातकापणी आटोपून मळण्या सुरू झाल्या होत्या. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. समोर बसलेल्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. कर्जत आणि खोपोलीच्या मधल्या एका गावात राहत. पंचक्रोशीतली निम्मी बाळंतपणे त्यांच्या हातची, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. इथे कुणाचेच नाव मी देणार नाही, त्यांनाही सिस्टरच म्हणतो.

सिस्टरांच्या मनात कित्येक वर्षे एक इच्छा होती. श्रीलंकेत जाऊन अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे दर्शन घ्यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली, स्वतःला धरून अठरा माणसे जमवली. कुणी शिक्षक, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले, चार-पाच जणी शेतात राबणाऱ्या. बहुतेकांनी विमान फक्त आकाशात पाहिलेले. पासपोर्ट काढण्यापासून सगळी धावपळ सिस्टरांनी केली. गावकऱ्यांनी कौतुकाने रस्त्यावर फ्लेक्स लावला. 'श्रीलंका धम्मसहलीस हार्दिक शुभेच्छा', खाली अठरा फोटो आणि संपर्कासाठी सिस्टरांचा मोबाईल नंबर.

त्या नंबरवर चार दिवसांनी एक फोन आला. बोलणारा अदबीने बोलत होता. आपण परवानाधारक चलन विनिमय कंपनीचे प्रतिनिधी आहोत, विमानतळावर डॉलर महाग पडतो, आम्ही त्याहून स्वस्त आणि घरपोच देतो, असे त्याने सांगितले. सिस्टर भोळ्या नव्हत्या. त्यांनी आधी नमुना मागितला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मोटारसायकलवरून आला आणि शंभर डॉलरची एक नोट देऊन गेला. ती त्यांनी पनवेलला एका ओळखीच्या माणसाला दाखवली. नोट अस्सल निघाली. मग त्याने अठरा जणांच्या पासपोर्ट-पॅनकार्डांच्या झेरॉक्स मागितल्या, फॉर्मवर सह्या घेतल्या, रुपये मोजून घेतले, शिक्क्याची पावती दिली आणि डॉलर सोपवले.

लोक मला विचारतात, शिकलेली माणसे फसतात कशी? माझा अनुभव असा, की मुरलेला ठग घाई करत नाही. तो बँकेपेक्षा जास्त कागद मागतो. इतके कागद मागणारा माणूस खरा असणार, असे आपणच ठरवून टाकतो.

कोलंबोच्या विमानतळावर श्रीलंकेचे रुपये घ्यायला सिस्टर खिडकीवर गेल्या. तिथल्या मुलीने नोट यंत्रात घातली, दुसरी घातली, आणि फोन उचलला. दहा मिनिटांत पोलीस आले. अठरा जणांच्या नोटा तपासायला मागितल्या तेव्हा सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या, "या सगळ्यांना मी दिल्या आहेत. काय विचारायचं ते मला विचारा." त्यांना आतल्या खोलीत नेले. सहा तास चौकशी चालली. बाहेरच्या बाकांवर बाकीचे बसून राहिले. सहलीच्या गाईडने चला म्हटले तरी एकही जण हलला नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचे काम चोख केले. बाईंचा हेतू खोटा नाही हे त्यांच्या लक्षात आले, नोटा जप्त करून त्यांनी बाईंना सोडले. पुढचे पाच दिवस एका विहारातल्या भिक्खूंनी सगळ्यांच्या जेवणाची सोय केली. बोधिवृक्षाचे दर्शन झाले, पण सिस्टर मान वर करून तिथे उभ्या राहू शकल्या नाहीत.

गावी आल्यावर त्याहून वाईट झाले. सहलीतल्याच एकाच्या भावाने चावडीवर बोलून दाखवले, की सिस्टरनेच मधल्यामधे हात मारला. एकदा असे वाक्य सुटले की ते घरोघर जाते. ज्या बाईंच्या हातात गावाने आपली बाळे दिली, त्यांना पाहून बायका नळावरचे बोलणे थांबवू लागल्या. म्हणून त्या ठाण्यात आल्या होत्या.

मी गुन्हा दाखल करून घेतला, पण हातात फार काही नव्हते. खोट्या नोटा परदेशात जप्त. पावतीवरचा पत्ता बनावट. सिमकार्ड ठाकुरवाडीकडच्या एका मजुराच्या नावावर. त्या बिचाऱ्याने फुकट सिम मिळते म्हणून कधीतरी अंगठा लावला होता, त्याच्या स्वतःच्या घरात मोबाईलच नव्हता. ठाण्यातल्या काहींना तर सिस्टरांचाच संशय होता. माझे एक सहकारी म्हणाले, "साहेब, मुद्देमालच नाही तर आरोपी मिळून तरी काय उपयोग?" त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते.

आठवड्याने सहलीतल्या एक आजी नातसुनेला घेऊन आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, शेतकरी. आधी त्यांनी माझ्याकडून वचन घेतले की त्यांना आत टाकणार नाही. मग कनवटीची गाठ सोडून प्लॅस्टिकची पुडी टेबलावर ठेवली. आत शंभर डॉलरच्या तीन नोटा.

"समद्यांनी दिल्या, मी नाय दिल्या साहेब," आजी म्हणाल्या. "परक्या मुलखात कुणाला पैसं दाखवू नको, असं सून बोलली व्हती. मला म्हातारीला कोण तपासतंय? आता लोक सिस्टरला नाय नाय ते बोलतात. त्या बाईनं माझी दोन पोरं जगवलीत. या नोटा तुमच्या कामाच्या हायेत का ते बघा."

मी नोटा उजेडात धरल्या. छपाई फसवी होती, पण तिन्ही नोटांवरचा क्रमांक एकच होता. अस्सल नोटांत असे कधीच होत नाही. मी लगेच दोन पंच बोलावून पंचनामा केला, नोटा सीलबंद केल्या आणि तपासणीसाठी पाठवायची व्यवस्था केली. नेमाने नियम पाळणाऱ्या सतरा जणांच्या नोटा गेल्या होत्या आणि एका आजींच्या हट्टाने आमची केस उभी राहिली होती.

आता माणूस शोधायचा होता. सिस्टरांचा पुरवणी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. वयस्कर बाईंना ठाण्यात हेलपाटे घालायला लावू नये असा कायदाही आहे आणि मलाही ते पटते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. उंची किती, रंग कसा, अंगावर काही खूण? उत्तरे नेहमीसारखीच, म्हणजे रस्त्यावरच्या दहांपैकी सहांना लागू पडतील अशी. वही मिटताना मी सहज विचारले, "तो इथं बसला तेव्हा तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटलं?"

"वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "एवढ्या तरण्या वयात इन्सुलिन."

मी वही पुन्हा उघडली. सिस्टर सांगू लागल्या. डॉलर द्यायला तो आला ती जेवणाची वेळ होती. त्यांनी ताट वाढले. त्याने भिंतीकडे तोंड करून शर्ट किंचित उचलला आणि पेनासारख्या सुईने पोटात इंजेक्शन घेतले. दुसऱ्या कुणाला कळले नसते. तीस-बत्तीस वर्षांचा, सडपातळ. त्यांनी त्याला आईच्या मायेने समजावले होते, की हे औषध गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस, वाया जाईल. तेव्हा तो म्हणाला होता, "मी थर्मासमध्ये बर्फ ठेवतो. आणि वर काय, गारवाच असतो."

"वर म्हणजे कुठं?"

"वरच्या मजल्यावर राहत असेल," सिस्टर म्हणाल्या.

पण आमच्या भागात 'वर' या शब्दाला एक वेगळा अर्थ आहे. नेरळ-कर्जतकडचा माणूस नुसते 'वर गेलाय' म्हणाला की तो माथेरानला गेलाय हे कुणालाही कळते.

माथेरानला गाडी जात नाही. दस्तुरीच्या नाक्यापर्यंत मोटार, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात. म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातो. आमच्या एका जुन्या हवालदाराची तिथे हातरिक्षा ओढणाऱ्यांत ओळख होती. त्याने फक्त एवढेच विचारून ठेवले, की थर्मास घेऊन ये-जा करणारा तरुण कुणी आहे का. तिसऱ्या दिवशी निरोप आला. असा एकजण आहे. पूर्वी एका हॉटेलात काउंटरवर होता, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, बाजाराच्या मागे खोली घेऊन राहतो. आठवड्यातून दोनदा खाली उतरतो. हल्ली हात सैल झालाय, घोडेवाल्यांना चहा पाजतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही साध्या कपड्यांत वर चढलो. तिथल्या ठाण्याच्या डायरीत नोंद केली आणि त्यांच्या मदतीने सात वाजता खोलीचे दार वाजवले. दार त्यानेच उघडले. झडतीत इन्सुलिनचे पेन, बर्फाचा थर्मास आणि कपडे, याखेरीज काही मिळाले नाही. त्याला घेऊन आम्ही लाल मातीच्या रस्त्याने चालत दस्तुरीला आलो. हातकडी मी घातली नव्हती. पळण्यासारखा तो दिसत नव्हता, उलट निर्धास्त वाटत होता.

त्याचे कारण चौकशीत कळले. वैद्यकीय तपासणी करून त्याला ठाण्यात आणले तेव्हा अकरा वाजले होते. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नोट कुठंय तुमच्याकडं? नोट नाही तर गुन्हा नाही." गावोगाव झालेल्या चर्चेतून कोलंबोत काय झाले हे त्याला पक्के माहीत होते. मी आजींच्या नोटांचे फोटो त्याच्यापुढे ठेवले. तो क्षणभर चमकला, पण सावरला. "या कुणाच्याही असतील," म्हणाला. दीड तास मी फिरून फिरून प्रश्न विचारले. तो प्रत्येक वेळी तेच आणि तेवढेच बोलला. खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, म्हणजे कुणीतरी पढवलेला होता.

माझा एक तरुण शिपाई कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, जेवण नका देऊ. संध्याकाळपर्यंत आपोआप बोलेल." मी त्याला बाहेर पाठवले. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. ओळख परेडसाठी लवकरच बोलावणे येईल असे हवालदाराने सिस्टरांना कळवले होते, त्यावर त्यांचा उलट फोन आला होता. निरोप ऐकून मी खाणावळीतून राईसप्लेट मागवली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"जेवून घे. सकाळी इंजेक्शन घेतलंयस. उपाशी राहिलास तर चक्कर येईल."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सिस्टरनी. आत्ता फोन होता. तू जेवलास का, असं विचारत होत्या."

त्याने दोन घास खाल्ले. तिसरा घास हातातच राहिला. त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ तो भाताकडे बघत राहिला. चौकशीत प्रश्न कधी विचारायचा हे नवा अधिकारी लवकर शिकतो, कधी गप्प बसायचे हे कळायला निम्मी नोकरी जाते.

"आज एक गाडी निघतीय साहेब," तो म्हणाला. "तीन वाजता. खालापुरातनं."

मग सगळे बाहेर आले. खालापूर तालुक्यातले चौदा शेतकरी शेती पाहायला परदेशी निघाले होते. त्यांचाही शुभेच्छांचा फ्लेक्स लागला होता आणि नंबर त्यानेच टिपला होता. डॉलर आदल्या दिवशी पोचते झाले होते. हॉटेलात असताना परदेशी पाहुण्यांच्या नोटा हाताळून त्याला त्यांची पारख आली होती. पूर्वी लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाने त्याला गाठले होते. घरोघर जाण्याचे काम याचे, छपाईचे त्याचे.

घड्याळात पावणेदोन झाले होते. मी दोन तुकड्या केल्या. एक उपनिरीक्षक आरोपीला आणि पंचांना घेऊन छापखान्याकडे, मी मिनीबसच्या मागे. शेतकऱ्यांचा म्होरक्या फोन उचलत नव्हता. नंतर कळले, की त्यांच्या गावी पाठवणीचा कार्यक्रम चालू होता आणि ताशांत त्याला फोन ऐकूच येत नव्हता. आम्ही गावात पोचलो तेव्हा बस ठरल्या वेळेआधीच निघून गेली होती. द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्याच्या अलीकडे मला ती दिसली. काचेवर झेंडूचा हार होता.

म्होरक्या साठीचा, भातशेती करणारा. पोलीस पाहून तो आधी घाबरला आणि मग चिडला. आमी काय चोर हाव का, असे म्हणत खाली उतरला. मी त्याच्याकडे शांतपणे तीन-चार जणांच्या नोटा मागितल्या आणि बसच्या बॉनेटवर शेजारी शेजारी मांडल्या.

"आकडे वाचा," मी म्हटले.

त्याने चष्मा लावला. पहिला क्रमांक मोठ्याने वाचला. दुसरा निम्मा वाचून थांबला. तिसरा वाचलाच नाही. मागे उभ्या असलेल्या माणसांकडे वळून तो एवढेच बोलला, "समद्यांनी नोटा काढा रं."

आता माझ्यापुढे प्रश्न होता. नियमाने चौदाही जणांचे जबाब घ्यायला हवे होते, आणि ते घेतले असते तर त्यांचे विमान गेले असते. मी वरिष्ठांना फोन लावला आणि माझ्या जबाबदारीवर त्यांना जाऊ देतो म्हणून सांगितले. ते म्हणाले, "पंचनामा पक्का कर, बाकी मी बघतो." रस्त्याच्या कडेला पंचनामा झाला, म्होरक्याचा थोडक्यात जबाब झाला, बाकीचे जबाब परतल्यावर घ्यायचे ठरले. माझा एक हवालदार मी त्यांच्याबरोबर विमानतळावर पाठवला. तिथल्या अधिकृत खिडकीवर, उरलेल्या पैशांतून आणि काहींच्या कार्डांवरून, चार पैसे महाग पण पावतीनिशी डॉलर घेऊन ते चौदाही जण त्याच विमानाने गेले.

मी परत फिरत असतानाच बिनतारी संदेश आला. डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात छापा यशस्वी झाला होता. लग्नपत्रिकावाला आणि त्याचा साथीदार दोघेही सापडले. मी पोचलो तेव्हा ऊन अजून होते. आतल्या खोलीत कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून डॉलरचे न कापलेले कागद टांगलेले होते. छपाईची यंत्रे, कापायचे पाते, कागदाचे गठ्ठे आणि कपाटात लोकांकडून घेतलेली रोकड. माझा तो तरुण शिपाई दोरीखाली उभा राहून वर बघत होता. मला म्हणाला, "साहेब, बरं झालं जेवू घातलं." मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्या दिवशी आमच्या ठाण्यातला प्रत्येक माणूस छाती काढून चालत होता, आणि मीही त्यातलाच एक होतो हे कबूल करतो.

ओळख परेडमध्ये सिस्टरांनी त्याला क्षणात ओळखले. पुढे न्यायालयात तिघांनाही शिक्षा झाली आणि रोकड न्यायालयाच्या आदेशाने ज्याची त्याला मिळाली. पण त्याआधी, अटकेच्या आठवड्यातच, सिस्टरांनी माझ्याकडे एक मागणी केली. त्यांच्या गावी विहाराच्या सभागृहात येऊन मी हे सगळे लोकांसमोर सांगावे.

मी गणवेशात गेलो. सभागृह भरले होते, बायका दारापर्यंत बसल्या होत्या. मी घडले ते क्रमाने सांगितले. कोलंबोच्या विमानतळावर सिस्टर इंग्रजीत काय म्हणाल्या तेही सांगितले, कारण गावात ते त्यांनी स्वतः कुणालाच सांगितले नव्हते. शेवटी म्हणालो, की या तपासाचे श्रेय पोलिसांचे जेवढे आहे, तेवढेच या बाईंचे आणि पुढे बसलेल्या आजींचे आहे. आजींनी पदर तोंडाला लावला. जो माणूस चावडीवर वेडेवाकडे बोलला होता तो उठून उभा राहिला. तो सिस्टरांजवळ जाऊन वाकू लागला, त्यांनी त्याचा हात धरून त्याला वर केले आणि पाठीवर हात ठेवला. सगळे सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजू लागल्या. सिस्टर मान ताठ ठेवून समोर बघत होत्या.

सावधगिरीची गोष्ट मी सगळ्यांनाच सांगतो. परदेशी चलन बँकेतून नाहीतर अधिकृत विनिमय केंद्रातून, स्वतः तिथे जाऊन घ्यावे. दोन-चार रुपये वाचवायला घरी आलेल्या माणसाकडून घेऊ नये. प्रवासाचे फ्लेक्स जरूर लावावेत, त्यावर फोन नंबर टाकू नये.

पण मी स्वतः त्यातून जे शिकलो ते वेगळे आहे. तोपर्यंत मी प्रत्येक साक्षीदाराला पोलिसांचे प्रश्न विचारत होतो. उंची, रंग, खूण. परिचारिकेने माणसाकडे परिचारिकेच्या नजरेने पाहिलेले असते, आणि ते तिला कुणी विचारतच नाही. त्यानंतर मी शिंप्याला आरोपीच्या शर्टाची शिलाई विचारली आहे, गवंड्याला त्याचे हात विचारले आहेत, आणि एका चांभाराने मला नुसत्या झिजलेल्या टाचेवरून माणूस लंगडतो हे सांगितले आहे. नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात मला अजून बोलावतात. मी त्यांना सांगतो, समोर बसलेला माणूस आयुष्यभर काय काम करत आला ते आधी विचारा आणि मग वही उघडा.